फिनेरेनोन: गोळीला ५ पैकी ४, पण गोळीमागच्या तपासणीला किती द्यायचे ते तुम्हीच ठरवा

घरात शुगर आणि किडनी दोन्ही एकाच माणसाला असेल तर हे वाचा. आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, फिनेरेनोन नावाची गोळी खातात. डॉक्टरांनी लिहून दिली तेव्हा मी मराठीत शोधत बसले होते तर एकतर कंपनीचं गोडगोड, नाहीतर "किडनी ७ दिवसांत साफ" असे काढ्याचे व्हिडिओ, मधलं काहीच नाही. म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, झेडपीच्या शाळेवर आहे, पण घरातल्या सगळ्या फायली माझ्याकडे असतात आणि माझा मामेभाऊ मेडिकल चालवतो, त्याचं डोकं खाऊन खाऊन बरंच कळलंय. कुणी हे वाचून स्वतःच्या मनाने गोळी सुरू करू नका आणि बंदही करू नका, एवढं आधीच सांगते.

निकाल पण आधीच सांगून टाकते. गोळी चांगली. ५ पैकी ४. पण ही गोळी एकटी येत नाही, तिच्यासोबत रक्तातल्या पोटॅशियमची तपासणी येते, आणि खेड्यात राहणाऱ्याला खरा खर्च आणि खरी दगदग तिथं आहे. दोन्ही मिळून पकडलं तर आमच्या भागात ३ च्या वर देववत नाही.

आम्ही खारपाणपट्ट्यातले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अकोला-अमरावती-बुलढाण्यातला पूर्णा नदीच्या बाजूचा हा पट्टा, इथं विहीर खोदली की खारं पाणी. त्यामुळे किडनी म्हटलं की गावात सगळे पाण्याकडेच बोट दाखवतात. कुणाला शुगर नाही बीपी नाही तरी क्रिएटिनिन (किडनी नीट चालत नसली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं निघतं, अशी घरं आहेत इकडे. आमच्या मामाजींचं मात्र सरळ होतं, शुगर जुनी, बीपी जुना, आणि लघवीतून प्रोटीन जायला लागलं. त्यांना हे पटवणं म्हणजे... "मले काई झालं नाई, तुह्या त्या मशीनले झालं असंन" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. हा फरक मी मुद्दाम लिहितेय कारण फिनेरेनोनच्या ज्या दोन मोठ्या ट्रायल झाल्या त्या टाइप २ शुगरमुळे किडनी बिघडलेल्या लोकांवर झाल्या. खाऱ्या पाण्याने किंवा आणखी कशाने किडनी बिघडलीय आणि शुगर नाहीच, अशा माणसाने "त्यांच्या सासऱ्याला चालली" म्हणून मागू नये, आधी किडनीच्या डॉक्टरला दाखवावं.

आता ही गोळी करते काय ते. किडनीच्या वर ॲड्रिनल म्हणून छोट्या ग्रंथी असतात, त्या अल्डोस्टेरॉन नावाचं हॉर्मोन सोडतात. १९५३ साली सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट ह्या दोघांनी ते शोधून काढलं (बाईंचं नाव आधी घेतलं, राहू द्या, नंतर दोघांनी लग्न पण केलं). ह्या हॉर्मोनचं काम म्हणजे शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवायचं आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकायचं. उन्हात घाम गाळणाऱ्या माणसाला हे हॉर्मोन पाहिजेच. पण ते जास्त झालं आणि वर्षानुवर्षं जास्त राहिलं की बीपी तर वाढतंच, शिवाय हृदयात आणि किडनीत आतून सूज येऊन मऊ जागा कडक व्हायला लागते, चट्टे पडल्यासारखं. ही दुसरी गोष्ट मला आधी माहीतच नव्हती, मला वाटायचं सगळा खेळ बीपीचा आहे. टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या ह्याच साखळीत वरच्या बाजूला काम करतात, पण बऱ्याच लोकांमध्ये टेल्मिसार्टन चालू असतानाही अल्डोस्टेरॉन हळूहळू परत वर येतं. म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी.

वेगळी गोळी काही आज आलेली नाही. स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे मेडिकलवर अल्डॅक्टोन म्हणून मिळते ती, १९६० च्या आसपासपासून आहे. १९९९ मध्ये राल्स नावाची ट्रायल आली, हार्ट फेल झालेल्या १६६३ लोकांवर, आणि त्यात ही जुनी स्वस्त गोळी जोडल्यावर मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. एवढा मोठा फरक! मामाजींना पण आधी हीच दिलेली, पाय सुजायचे, जिना चढताना दम लागायचा, तीन-तीन गोळ्या खाऊन पण बीपी ऐकत नव्हता. गोळीने बीपी उतरला, सूज गेली, आणि आम्ही खूश.

मग त्यांनी बनियनवर बसणं सोडलं. उन्हाळ्यात, अकोल्याच्या उन्हाळ्यात, माणूस अंगात शर्ट घालून ओसरीवर बसतोय म्हणजे काहीतरी आहे. विचारलं तर चिडायचे. शेवटी ह्यांना, म्हणजे त्यांच्या मुलाला, सांगितलं की छाती दुखते. आम्ही घाबरलो, हार्टचं असेल म्हणून पळवलं, ईसीजी वगैरे, आणि डॉक्टरांनी हात लावून बघितलं तर छातीला बायकांसारख्या गाठी आलेल्या, दुखऱ्या. हा स्पायरोनोलॅक्टोनचा माहीत असलेला साइड इफेक्ट आहे, राल्समध्ये १० टक्के पुरुषांना झालेला, कारण ती गोळी अल्डोस्टेरॉनला अडवता अडवता पुरुषी हॉर्मोनच्या जागेवर पण जाऊन बसते. आम्हाला गोळी देताना हे कुणीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर म्हाताऱ्याने महिनोन्‌महिने लाजत काढले नसते. पुरुषमाणूस घरात ही गोळी खात असेल तर सरळ विचारा, सुनेला जमत नसेल तर मुलाने विचारा. एप्लेरेनोन म्हणून मधली एक गोळी आहे, तिच्यात हा त्रास बराच कमी, पण मामाजींची लघवीतली प्रोटीन आणि शुगर बघून डॉक्टरांनी फिनेरेनोनवर बोट ठेवलं.

फिनेरेनोन पण त्याच जागेवर जाऊन अल्डोस्टेरॉनला अडवते, पण तिचा साचा स्टेरॉइडसारखा नाही, म्हणून ती बाकीच्या हॉर्मोनच्या जागा सोडून देते. बायर कंपनीची, केरेंडिया नावाने. अमेरिकेत जुलै २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. त्यामागे दोन ट्रायल, फिडेलिओ २०२० ची आणि फिगारो २०२१ ची, दोन्ही मिळून १३ हजारांच्या आसपास माणसं. फिडेलिओमध्ये किडनी निकामी होणं, किडनीची ताकद ४० टक्के किंवा जास्त घटणं, किडनीने मृत्यू, असं सगळं धरून धोका १८ टक्क्यांनी कमी झाला. हे १८ टक्के ऐकायला मोठं वाटतं म्हणून मी भावाला बसवून नीट विचारलं. साध्या हिशोबात असं की अडीच-पावणेतीन वर्षांत नुसती साखरेची गोळी (म्हणजे शुगरची नाही, औषधच नसलेली, दिसायला सारखी खोटी गोळी) घेणाऱ्यांतल्या १०० पैकी २१ जणांचं असं बिघडलं आणि फिनेरेनोनवाल्यांत १८ जणांचं. म्हणजे १०० माणसांनी एवढी वर्षं खाल्ली तर तिघांचं वाचलं. मी शाळेत टक्केवारी शिकवते तरी ह्या दोन आकड्यांतला फरक मला मांडून बघावा लागला. तीन कमी नाहीत हो, त्या तिघांत आपलं माणूस असू शकतं, पण "चमत्कारी गोळी" म्हणून कुणी विकत असेल तर हा हिशोब त्याच्यासमोर ठेवा.

हृदयाचं पण आहे. २०२४ मध्ये फाइनआर्ट्स नावाची ट्रायल आली, ६ हजार माणसं, ज्यांचं हृदय पंपिंगला बऱ्यापैकी आहे, ४० टक्के किंवा वर, तरी हार्ट फेल्युअर आहे असे. त्यांच्यात हार्ट फेल बिघडून दवाखान्यात धावावं लागणं आणि हृदयाने मरणं मिळून १६ टक्क्यांनी कमी. त्यावरून जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत ह्या आजारासाठी पण मंजुरी दिली. पंपिंग एकदम कमी असलेल्यांसाठी पुरावा जुन्या स्पायरोनोलॅक्टोन आणि एप्लेरेनोनचाच आहे, तिथं नवीन महाग म्हणजे चांगली असं नाही. हे लक्षात ठेवा कारण आपल्याकडे महाग गोळी म्हटली की माणसाला आपोआप बरं वाटायला लागतं.

मामाजींवर काय झालं ते सांगते. सुरुवातीला क्रिएटिनिन १.६, लघवीची एसीआर (लघवीतून किती प्रोटीन जातं ते सांगणारी टेस्ट) ६४० च्या पुढे, पोटॅशियम ४.५. किडनीची ताकद (रिपोर्टवर ईजीएफआर लिहितात तो आकडा) ६० च्या खाली म्हणून १० ची गोळी, रोज एक, जेवणाआधी-नंतर कधीही चालते. चार आठवड्यांनी रक्त. क्रिएटिनिन १.८ झालं आणि घरात रडारड, आत्याबाई तर म्हणे "बंद करा हे जहर". डॉक्टर म्हणाले एवढं चालतं, सुरुवातीला थोडं वाढतं आणि मग तिथंच थांबतं. थांबलं पण. पुढे २० ची केली. एसीआर चारशेच्या आसपास आली. छातीच्या गाठी हळूहळू गेल्या, हे मामाजींच्या लेखी सगळ्यात मोठं यश, ओसरीवर बनियन परत आला. बीपीवर मात्र हिचा फार जोर नाही, स्पायरोनोलॅक्टोन काढल्यावर बीपी पुन्हा वर गेला आणि त्यासाठी एक दुसरी गोळी वाढवावी लागली. "एवढ्या गोया खाऊन पोट भरते माह्यं, भाकर कायले करता" हे रोजचं ऐकतो.

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, आणि मामाजींना डॅपाग्लिफ्लोझिन पण चालू आहे, ती लघवीतून साखर बाहेर टाकणारी गोळी, ती पण किडनी आणि हार्टला मदत करते. मग कुणाचं श्रेय कुणाला हे मी सांगू शकत नाही. २०२५ च्या कॉन्फिडन्स नावाच्या ट्रायलमध्ये फिनेरेनोन आणि डॅपाच्याच जातीची एम्पाग्लिफ्लोझिन एकदम सुरू करून बघितली, तर लघवीतली प्रोटीन एकट्या गोळीपेक्षा दोन्ही मिळून बरीच जास्त उतरली. म्हणून मामेभाऊ म्हणतो की परवडत नसेल तर पहिल्यांदा डॅपा धरून ठेव, फिनेरेनोनचं नंतर बघ. डॅपाचं पेटंट २०२० मध्ये संपल्यापासून ती स्वस्त झालीय, जनऔषधीत आम्हाला मिळाली. फिनेरेनोन तिथं नाही मिळाली, ती बाहेरूनच घ्यावी लागते.

पैशाचं बोलायचं तर अल्डॅक्टोनचं बिल कधी लक्षात पण आलं नाही, हिचं येतं. दर बदलत राहतो म्हणून आकडा टाकत नाही, आपल्या मेडिकलवाल्याला विचारा, तालुक्याला आणि जिल्ह्याला थोडा फरक पडतो, डिस्काउंट मागितल्याशिवाय कुणी देत नाही. माझा खरा राग वेगळाच आहे. डायलिसिस महात्मा फुले योजनेत बसतं, फुकट होतं, चांगलंच आहे, ज्याच्यावर वेळ आलीय त्याचा जीव वाचतो. पण डायलिसिस लांबवणारी रोजची गोळी आणि तिची तपासणी मात्र कापूस विकून आलेल्या पैशातून. कापसाच्या भावाचं तर बोलूच नका.

आता पोटॅशियम. इथंच सगळी गोम आहे, नीट वाचा.

अल्डोस्टेरॉन पोटॅशियम बाहेर टाकतं, त्याला अडवलं की पोटॅशियम आत साठतं. साठलेलं पोटॅशियम दिसत नाही, दुखत नाही, आणि जास्त झालं की हृदयाचे ठोकेच बिघडवतं. फिडेलिओमध्ये १०० पैकी १८ जणांना पोटॅशियम वाढल्याची नोंद झाली, नुसत्या साखरेच्या गोळीवाल्यांत ९. गोळी कायमची सोडावी लागली असे मात्र १०० मागे दोनच. म्हणजे सांभाळता येतं, पण ट्रायलमध्ये सांभाळायला माणसं होती, तारखेला रक्त घेणारे होते. राल्सनंतर कॅनडाच्या ऑंटारिओत काय झालं ते वाचलं तेव्हा मला जास्त पटलं. ट्रायल चांगली आली म्हणून डॉक्टरांनी धडाधड स्पायरोनोलॅक्टोन लिहायला सुरुवात केली, तपासणी तेवढी झाली नाही, आणि पोटॅशियम वाढून दवाखान्यात भरती होणारे कित्येक पटींनी वाढले. २००४ मध्ये ते छापून आलं. आणि तो कॅनडा. आपण कुठं.

आमच्याकडे रक्त असं जातं: तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी काढतात, पोरगा बर्फाच्या डब्यात टाकून ठेवतो, सगळ्या गावांचं गोळा झालं की दुपारी गाडीवर जिल्ह्याला. एकदा संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला, पोटॅशियम ६.२, लाल अक्षरात. मामाजी आपले ओसरीवर तूर निवडत बसलेले, काही म्हणजे काही नाही. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले आत्ता निघा. रात्री गाडी करून अकोल्याला, ह्यांचा चेहरा पांढरा, मामाजी रस्ताभर "मी कोणाचं काय बिघडवलं बापा" करत. तिथं आधी ईसीजी काढला, तो साफ. मग ताजं रक्त घेऊन तिथल्या तिथं तपासलं, ४.९.

मग डॉक्टरांनी समजावलं ते सगळ्यांनी ऐकण्यासारखं आहे. पोटॅशियम रक्ताच्या पेशींच्या आत खूप असतं. रक्त काढताना पट्टा जास्त वेळ आवळून ठेवला, मूठ उघड-बंद करायला लावली, सुई नीट लागली नाही आणि पेशी फुटल्या, किंवा रक्त मशीनवर फिरवून पाणी वेगळं न करता तसंच तासन्‌तास ठेवलं, तर पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्ट खोटा वाढतो. बर्फात ठेवलं की उलट जास्त येतं, कारण थंडीत पेशींचा पंप मंदावतो. आम्हाला वाटायचं बर्फात ठेवतात म्हणजे किती काळजी घेतात! तेव्हापासून आम्ही पोटॅशियमपुरतं जिल्ह्याला जाऊनच रक्त देतो, जिथं काढतात तिथंच तपासतात अशा ठिकाणी. एसटीचं भाडं, अर्धा दिवस, माझी किंवा ह्यांची रजा. पण हे उलटं वाचू नका हं. ६ च्या वर रिपोर्ट आला की "खोटाच असंन" म्हणून झोपून जायचं नाही, त्याच वेळी ईसीजी आणि पुन्हा रक्त, खरं निघालं तर जीवावरचं आहे. त्या कलेक्शनवाल्या पोराला दोष देऊन पण उपयोग नाही, त्याला कुणी शिकवलंच नाही, त्याला वाटतं सगळे रिपोर्ट सारखे.

खाण्याचं. इथं जरा भांडण झालं घरात, कारण विदर्भात माणसाला संत्रं खाऊ नको सांगायचं म्हणजे काय. डॉक्टरांनी पूर्ण बंद नाही सांगितलं, पोटॅशियम ५ च्या खाली आहे तोवर एखादं चालतं, टोपलीभर नाही. केळी, नारळपाणी, टमाट्याचा रस्सा ह्यांच्यावर हात आवरता. डाळ कमी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते "लो सोडियम" मीठ. बीपी आहे म्हणून कुणीतरी भाच्याने नागपूरहून कौतुकाने आणून दिलं होतं, पाकिटावर हार्टचं चित्र, आणि त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं. बाकी धडधाकट माणसाला ते चांगलं असेल, पण किडनी अर्धी, वरून टेल्मिसार्टन, वरून फिनेरेनोन, अशा माणसाला ते मीठ म्हणजे संकट. साधंच मीठ, पण कमी. लोणचं, पापड, ठेचा ह्यांच्यावर मामाजींचा जीव आहे, ते मी इथं लिहीत नाही, डॉक्टर वाचतील.

दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक जे काय. आमच्याकडे कापूस वेचायचे दिवस आले की कंबरदुखीची गोळी पानठेल्यावर पण मिळते म्हटलं तरी चालेल. किडनीला त्या तशाच वाईट, आणि पोटॅशियम पण वाढवतात. पॅरासिटामॉलवर भागवायचं.

आणि गजकर्ण! हे मला मराठीत कुठं दिसलं नाही म्हणून ठळक सांगते. आमच्या घरात खाजेची साथ आली, पोरांपासून सुरू झालं, सगळ्यांना झालं, गावातल्या डॉक्टरने सगळ्यांना इट्राकोनॅझोल लिहून दिली, आजकाल सगळे तीच देतात. मामेभावाने मामाजींची चिठ्ठी बघितली आणि गोळी दिलीच नाही, फोन लावला. इट्राकोनॅझोल आणि केटोकोनॅझोल फिनेरेनोनसोबत चालतच नाही, लिव्हर फिनेरेनोनला ज्या रस्त्याने संपवतं तो रस्ताच ह्या गोळ्या बंद करतात, मग फिनेरेनोन अंगात कितीतरी जास्त साठते आणि पोटॅशियम चढतं. सर्दी-खोकल्याला देतात ती क्लॅरिथ्रोमायसिन पण त्यातलीच. त्यामुळे कुठल्याही डॉक्टरकडे जा, दाताच्या पण, फिनेरेनोनची स्ट्रिप खिशात घेऊन जा. मामाजींच्या खिशात तंबाखूच्या पुडीशेजारी ती असते. (तंबाखूचं वेगळं लिहावं लागेल.)

उन्हाळ्यात हगवण-उलटी लागली, जेवण जात नाही, अंगातलं पाणी आटलं, तर आमच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की आधी फोन करायचा, ही आणि टेल्मिसार्टन, डॅपा, मेटफॉर्मिन अशा काही गोळ्या तेवढ्या दिवसांपुरत्या थांबवायला लागतात. आपापल्या डॉक्टरला हे बरं असतानाच विचारून कागदावर लिहून घ्या, रात्री दोनला विचारायला कोण भेटतं.

शेजारचे एक काका डायलिसिसवर आहेत, त्यांचा मुलगा विचारत होता की बाबांना पण ही नाहीतर ती अल्डॅक्टोन सुरू करू का, हार्टला चांगली म्हणतात. २०२५ मध्येच ह्यावर दोन मोठ्या ट्रायल छापून आल्या, अचीव्ह आणि अल्केमिस्ट, डायलिसिसवाल्यांना स्पायरोनोलॅक्टोन देऊन बघितली आणि फायदा दिसला नाही. म्हणजे ह्या गोळ्यांची वेळ आधीची आहे, किडनीत दम असतानाची. लघवीची एसीआर टेस्ट म्हणूनच करून घ्या शुगरवाल्यांनी, वर्षातून एकदा तरी, क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी ती बोलते. आमच्या मामाजींची ती टेस्ट कितीतरी वर्षं कुणी सांगितलीच नव्हती.

आता नवीन काय येतंय, कारण हाच प्रश्न मला सगळे विचारतात, "थांबू का, अजून चांगली येणार म्हणे". येतंय खरं. स्पायरोनोलॅक्टोनपासून फिनेरेनोनपर्यंतच्या सगळ्या गोळ्या अल्डोस्टेरॉन तयार झाल्यावर त्याला अडवतात, शेताच्या तोंडाशी बांध घालावा तसं. नवीन गोळ्या विहिरीवरची मोटरच बंद करतात, म्हणजे ग्रंथीत अल्डोस्टेरॉन बनवणारं एन्झाइमच थांबवतात. हे आधीच का नाही केलं, तर ते एन्झाइम आणि कॉर्टिसॉल बनवणारं एन्झाइम ९० टक्क्यांहून जास्त सारखं आहे, एकाला थांबवायला गेलं की दुसरं पण थांबायचं, आणि कॉर्टिसॉल थांबलं तर माणूस आजाराला तोंड देऊ शकत नाही. आता जमलंय. बॅक्सड्रोस्टॅट म्हणून ॲस्ट्राझेनेकाची गोळी आहे, ऑगस्ट २०२५ मध्ये माद्रिदच्या हृदयरोग परिषदेत तिचे निकाल सांगितले, औषधं खाऊन पण बीपी न ऐकणाऱ्या लोकांचा वरचा बीपी १२ आठवड्यांत साखरेच्या गोळीपेक्षा ९-१० ने जास्त उतरला. लोरंड्रोस्टॅट म्हणून दुसरी आहे. विकाड्रोस्टॅट म्हणून तिसरी, ती एम्पाग्लिफ्लोझिनसोबत किडनीच्या रुग्णांवर तपासायला मोठी ट्रायल हाती घेतलीय, ११ हजारांच्या आसपास माणसं. बीपी उतरणं वेगळं आणि किडनी वाचणं वेगळं, ते असल्या लांबलचक ट्रायलमधूनच कळतं. आणि पोटॅशियमची भानगड ह्यांच्यात पण सुटलेली नाही, अल्डोस्टेरॉन कमी झालं की पोटॅशियम साठणारच, मोटर बंद करा नाहीतर बांध घाला. म्हणून त्यांची वाट बघत आजची गोळी टाळण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. उद्या बॅक्सड्रोस्टॅट आमच्या तालुक्याच्या मेडिकलवर आली तरी रक्त त्याच बर्फाच्या डब्यातून जाणार आहे.

सेमाग्लुटाइडचं पण विचारतात, ते वजनाचं इंजेक्शन. ते पण हॉर्मोनवरच चालतं, आतड्यातल्या एका हॉर्मोनची नक्कल आहे, आणि २०२४ च्या फ्लो ट्रायलमध्ये टाइप २ शुगर आणि किडनी दोन्ही असलेल्यांत किडनीचे मोठे बिघाड आणि हृदय-किडनीने मृत्यू मिळून २४ टक्क्यांनी कमी झाले. पोटॅशियमची कटकट त्यात नाही. पण मामाजींचं वजन आधीच ५२, भूक कमी करणारं औषध त्यांना कसं द्यायचं, डॉक्टरांनीच नको म्हटलं. जाड माणसाचं वेगळं.

तर कुणी घ्यावी: टाइप २ शुगर, लघवीत प्रोटीन, टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि डॅपा चालू, पोटॅशियम ५ च्या आत, आणि चार आठवड्यांनी आणि मग ठरलेल्या वेळी धड जागी रक्त देता येईल असं घर. ह्यातलं शेवटचं जमत नसेल तर डॉक्टरांना तोंडावर सांगा की जमणार नाही, ते त्याप्रमाणे ठरवतील, आम्ही ओळखतो अशा एका घरात ह्याच कारणाने सुरू केली नाही आणि मला ते बरोबर वाटलं.

रक्ताच्या बाबतीत तालुक्याला कुठं जागेवर पोटॅशियम तपासतात हे अकोट-तेल्हारा-शेगाव बाजूच्या कुणाला माहीत असेल तर खाली सांगा, आमचं एसटीचं भाडं वाचेल.